पोहोचल्याचा फोन

बर्फ पडत असताना सायकल चालवणं त्या मानाने सोपं असतं. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, चाक त्यात रुततं, करकर आवाज येतो आणि आपण कशावरून चाललो आहोत ते कळतं. वाईट असतो तो दुसरा दिवस. दुपारी थोडं वितळलेलं पाणी पहाटेपर्यंत पुन्हा गोठतं आणि डांबर नुसतं ओलं दिसतं. इथे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो काळा नसतो. तो दिसतच नाही, म्हणून त्याच्याखालचा रस्ता काळा दिसतो.

हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. तो वर्षभर सायकलने ऑफिसला जायचा. आदल्या हिवाळ्यात त्याने मला एका रविवारी रिकाम्या कारपार्कमध्ये नेलं आणि सगळं समजावलं. टायरमधली हवा थोडी कमी करायची. सीट खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही पाय पटकन जमिनीला टेकतात. पुढचा ब्रेक विसरून जायचा. वळताना झुकायचं नाही. गटाराच्या कडेने जायचं नाही, लेनच्या मधोमध जायचं, कारण मिठाची खडी टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यावरून गेलेली असते आणि मोटारींच्या चाकांनी तिथला बर्फ फोडलेला असतो. शंका आली की उतरायचं. मी पुस्तकांत राहणारी बाई, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करते. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं तेव्हा तो खूप हसला होता.

ऑक्टोबरच्या अखेरीला तो गेला. ऑफिसातच, हृदय बंद पडून. मला गाडी चालवता येत नाही आणि बसमध्ये रोजचे चेहरे भेटायचे, "हाऊ आर यू बेअरिंग अप?" म्हणून विचारायचे. सायकलवर कोणी काही विचारत नाही. महिन्याभराने मी त्याची सायकल बाहेर काढली, सीट खाली केली आणि कामावर जाऊ लागले.

सासूबाई तो गेला त्याच आठवड्यात पुण्याहून आल्या होत्या. आधीच काढून ठेवलेल्या सहा महिन्यांच्या व्हिसावर. मुलाची सायकल अंगणातून बाहेर पडते हे त्यांना बघवत नसे, पण त्यांनी कधी नको म्हटलं नाही. फक्त एक अट घातली. पोहोचले की फोन करायचा. आमच्याकडे तसा तो प्रघातच. घरातून निघालेल्या माणसाने पोहोचल्याचं कळवायचं आणि ते कळेपर्यंत मागे केर काढायचा नाही की उंबऱ्यावर पाणी टाकायचं नाही. माणूस कायमचा गेल्यावरच मागे लगेच पाणी टाकतात. त्यामुळे माझा फोन आला की मगच सासूबाई तांब्या घेऊन दाराशी जात आणि पायरीवर सडा घालत. रांगोळी वर्षभर नाही, पण सडा हवा, असं त्यांचं म्हणणं. लेस्टरच्या काँक्रीटच्या पायरीवर तो सडा काय दिसायचा! पण त्या घालत.

त्या सकाळी उणे चार होतं. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आज नाही गेलीस तर?"

"मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलंय, आई. हळू जाईन."

"हळू गेलेलेसुद्धा पडतात."

"पडत नाहीत. ज्यांना घाई असते ते पडतात."

मोठा रस्ता खरंच बरा होता. पण शेवटचा टप्पा नदीकाठच्या सायकलमार्गाने जातो आणि तिथे कोणी मीठ टाकत नाही. रेल्वेच्या पुलाखाली वरून ठिबकलेलं पाणी गोठून अख्खी वाट काचेसारखी झाली होती. मी उतरले, मागे फिरले आणि दुसऱ्या रस्त्याने सायकल हातात धरून चालू लागले. बोटं बधिर झाली होती. फोन काढून पाहिला तर पावणेनऊ झाले होते. मी साडेआठला फोन करत असे. सासूबाईंचे दोन मिस्ड कॉल होते.

बसस्टॉपपाशी उभी राहून मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला.

"पोहोचलीस?"

अजून पंधरा मिनिटं तरी चालायचं होतं. पण त्यांचा आवाज ऐकला आणि मी म्हणाले, "हो आई, पोहोचले."

"एवढा वेळ?"

"खाली एक जण भेटली. बोलत उभी राहिले."

माझ्यामागे बस येऊन थांबली. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शंभरएक पावलं पुढे गेले असेन. सायकल ढकलत, पायाखाली बघत. आणि एकदम डोळ्यांसमोर तांब्या आला. मी पोहोचले म्हणाले होते. म्हणजे आता त्या दार उघडणार, उंबऱ्याबाहेर वाकून पायरीवर पाणी टाकणार. उणे चारात. ते पाणी पाच मिनिटांत गोठणार. नंतर त्या नेहमीप्रमाणे दूध घ्यायला, पोस्ट बघायला, नाहीतर नुसतं फाटकापर्यंत यायला त्याच पायरीवर पाय ठेवणार. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय, पायात बेलग्रेव्ह रोडच्या बाजारातून घेतलेल्या गुळगुळीत सपाता. गेले दोन महिने थंडी होती, पण गोठणारी नव्हती, म्हणून हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. माझा फोन होऊन गेला की त्या तो आत टेबलावर ठेवून देतात, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या घरातलं जोडपं सातलाच कामाला जातं. तिसऱ्यांदा लावला आणि तो वाजत असतानाच सायकल फिरवली.

बर्फावर सायकल जोरात चालवायची नसते हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मोठ्या रस्त्यापर्यंत तरी मी ते पाळलं. लेनच्या मधोमध राहिले, मागची व्हॅन हॉर्न वाजवत होती तरी बाजूला झाले नाही. मग घड्याळ पाहिलं. फोन करून अकरा मिनिटं झाली होती. मनात सारखा हिशेब चालू होता, पाणी टाकून किती वेळ झाला असेल, त्यांना बाहेर यावंसं केव्हा वाटेल. मी पायडल जोरात मारू लागले. चर्चच्या वळणावर सवयीने झुकले.

पडले असं कळलंच नाही. खाली सायकल होती, ती तिथे नव्हती एवढंच. कंबर आणि कोपर आपटलं, सायकल फिरत फिरत फुटपाथला जाऊन अडकली. व्हॅन मागे कुठेतरी वळून गेली होती, म्हणून वाचले. कुत्रा घेऊन चाललेला एक म्हातारा गृहस्थ कडेच्या गवतावरून हळूहळू माझ्यापर्यंत आला.

"यू ऑल राइट, मी डक?" इथली म्हातारी माणसं अनोळखी बाईलाही मायेने 'डक' म्हणतात.

मी म्हटलं, माझी सासू घरी एकटी आहे.

त्याने मला हात देऊन उठवलं, सायकलचं हँडल सरळ केलं आणि म्हणाला, "देन यू गेट देअर इन वन पीस. स्टिक टू द ग्रास." गवतावर दहिवर असतं, पण पाऊल घसरत नाही. हे मात्र कारपार्कमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं अंतर मी चालत गेले. धावावंसं वाटत होतं आणि धावता येत नव्हतं. आमची गल्ली उताराची आहे, एका बाजूला उंच झाडांचं कुंपण असल्यामुळे दुपारपर्यंत ऊन येत नाही. घर दिसलं. दार सताड उघडं होतं.

पायरी कोरडी होती. तांब्या पायरीच्या कोपऱ्यात भरलेला ठेवला होता, पाण्यावर पातळ पापुद्रा धरू लागला होता. "आई!" मी आत हाक मारली. देवासमोर दिवा होता, फोन टेबलावर होता, गॅस बंद होता. आई नव्हत्या.

बाहेर येऊन गल्लीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं. चाळीसएक पावलांवर, कुंपणाच्या सावलीत, कोणाच्या तरी फाटकाचा खांब दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या होत्या. साडीवर मुलाचा काळा कोट, पायात मोजे आणि त्याच सपाता. मी खालच्या बाजूने आले होते आणि त्या वरच्या रस्त्याकडे तोंड करून माझीच वाट बघत होत्या.

"आई, हलू नका!"

"हलता येतंय कुठे!" त्या मान न वळवता म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली, या खांबाशी लग्न लागलंय माझं."

आवाज थट्टेचा होता. पण जवळ गेले तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसले. पायाखालचा फुटपाथ नुसता ओला दिसत होता. एक सपात पुढे घसरलेली, दुसरी मागे. हात सुटला असता तर माकडहाड नाहीतर खुबा, आणि मग काय, ते दोघींनाही माहीत होतं.

"तू जवळ येऊ नकोस. तूच पडशील, मग दोघी इथेच."

मी गवतावरून गेले आणि सायकल त्यांच्या आणि माझ्या मधे आणली. दोन्ही ब्रेक घट्ट दाबले. "सीटला धरा. दोन्ही हातांनी."

"चाकं आहेत तिला!"

"ब्रेक दाबलाय. मी म्हणेन तेव्हाच हलेल."

त्यांनी खांबावरचा एक हात सोडला. मग बराच वेळ दुसरा सुटेना. शेवटी तो सीटवर आला.

"पाय उचलायचा नाही, आई. सरकवायचा. गवतावर या."

"लोकांच्या बागेत?"

"तुडवलं तर तुडवलं. उन्हाळ्यात उगवेल."

ब्रेक सोडायचा, वीतभर पुढे न्यायचं, ब्रेक दाबायचा, त्या एक पाय सरकवणार, मग दुसरा. चाळीस पावलांना किती वेळ लागला सांगता येणार नाही. मधे एकदा मागचं चाक आडवं सरकलं आणि त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, मुलाचं घेतलं.

आत आल्यावर मी त्यांना हीटरपाशी बसवलं, मोजे काढून पाय चोळले. कोपर ठणकत होतं. त्यांनी माझ्या फाटलेल्या बाहीकडे पाहिलं.

"बाहेर कशाला आलात?" मी विचारलं. आवाज नको तितका चढला.

"लायब्ररीत बस कुठून आली?"

मी बाही खाली ओढली.

"फोनवर बसचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हटलं ही पोहोचलेली नाही. पण पोहोचले म्हणते. म्हणजे काहीतरी झालंय." त्या पायांकडे बघत बोलत होत्या. "त्या वेळीही तुझा आवाज असाच होता."

कोणत्या वेळी, हे विचारावं लागलं नाही. ऑक्टोबरात मी त्यांना पुण्याला फोन केला तेव्हा तो जाऊन तास झाला होता. मी म्हणाले होते, ऍडमिट केलंय, काळजी करू नका, तुम्ही फक्त निघा. एकटीने विमानात बसायचं होतं त्यांना. मला वाटलं होतं, निदान तेवढा प्रवास तरी सुखाचा होईल.

"मी विमानात ठरवत बसले होते, त्याला काय काय बोलायचं," त्या म्हणाल्या. "इतकी धावपळ करतोस म्हणून रागवायचंही ठरवलं होतं. तू चांगल्यासाठीच केलंस, मला कळतं. पण तेव्हापासून तू बरं म्हणालीस की मला धडकी भरते."

मी पाय चोळत राहिले. म्हटलं, "चुकलं, आई." दोन्हीबद्दल.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही नाही. "त्या कोपराला हळद लाव," म्हणाल्या.

त्या दिवशी मी रजा घेतली. दुसऱ्या दिवशीही गोठलेलंच होतं. कोपर सुजलं होतं, म्हणून सायकल नुसती हातात धरून न्यायची, मोठा रस्ता आला की जमलं तर बसायचं, असं ठरवलं. सासूबाई दारापर्यंत आल्या. पायरीबाहेर आल्या नाहीत, पण हात लांब करून त्यांनी सायकलचं हँडल धरून ठेवलं.

"उशीर झाला तर?"

"उशीर झालाय म्हणून सांगेन. रस्त्यातूनच."

"आणि पडलीस तर?"

"पडले म्हणून सांगेन."

"लगेच?"

"लगेच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग हँडलवरचा हात काढला.