हलकी गोळी

मिलिंदकाका गेल्याची बातमी मला कुणालकडून कळली. मी ग्रोसरीच्या दुकानात दुपारच्या शिफ्टवर होते, दुधाचे क्रेट रचत होते, आणि खिशातला फोन थांबून थांबून पुन्हा वाजत होता. शेवटी मागच्या खोलीत जाऊन उचलला. "प्रज्ञा, काका गेले. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना पडले… मी हॉस्पिटलमध्येच आहे, काकूंबरोबर." यापुढचं लिहायला मला संकोच वाटतो, पण ते सोडून दिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात पहिला विचार काकांचा आलाच नाही. पहिला विचार आला तो हा, की याला आधी कसं कळलं? त्यांच्या घरात मी राहते. त्यांच्या पावलांचा आवाज माझ्या छतावर वाजतो. कुणालकडे गाडी आहे म्हणून काकूंनी त्याला फोन केला, हे नंतर समजलं, पटलंसुद्धा. पण त्या मागच्या खोलीत, थंडगार क्रेटला टेकून, मी आधी जळले आणि मग रडले.

काका अकोल्याकडचे. इथे कॅनडात, रेजिना शहरात, सरकारच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची, वडील गवंडीकाम करतात, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इथे आल्या आल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी कोपऱ्यात प्लेट धरून उभी होते, तर एक उंच, किंचित वाकलेला माणूस जवळ येऊन म्हणाला, "जय भीम. वाशीमची हायेस ना? बोलण्यावरून वळखलं." पुढच्याच महिन्यात मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले. कुणाल माझ्याच वर्गातला. तो पुण्याचा, त्याचे आई-वडील दोघेही प्राध्यापक. त्याला या घरी मीच घेऊन गेले होते, एका रविवारी, जेवायला. याची मी अनेकदा स्वतःला आठवण करून देते. मीच घेऊन गेले होते.

काका हरणाची शिकार करायचे. हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना धक्का बसतो, इथल्याही काहींना बसायचा. ऑफिसातल्या डग नावाच्या मित्राने त्यांना ते कित्येक वर्षांपूर्वी शिकवलं होतं. नोव्हेंबर आला की काका नारिंगी जाकीट काढायचे आणि फ्रीझरमध्ये जागा करायचे. एकदा वंदनेनंतर कुणीतरी टोमणा मारला, "पंचशील घेता आणि हरिण मारता?" काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही मटण पिशवीत आणता, तेव्हा पाणातिपाता, ते जीव घेणं, कसायाच्या खात्यात जाते काय? मी निदान स्वतः पाहतो, मी काय करून राहिलो ते." त्या दिवशी घरी येऊन मी भांडी घासत होते, तेव्हा माझ्या शेजारी उभं राहून ताटं पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "एक सांगू? जनावराले कळलंच नाही पाहिजे, का आपण मेलो. म्हणून गोळी निवडायले एवढा वेळ लागते." हे वाक्य त्यांनी फक्त मला सांगितलं आहे, असं मी धरून चालले होते.

त्या घरात 'गोळी' या शब्दाची गंमत होती. काकांना बीपी. रोज सकाळी काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, गोळी घेतली का?" आणि काका, बहुधा मोजे शोधत, उलट विचारायचे, "कुठली?" "पांढरी!" काडतूस हा शब्द त्यांना पोलीस ठाण्यातला वाटायचा, राउंड म्हणणं परकं वाटायचं. त्यांच्या तोंडी दोन्ही गोळ्याच. गरम हवा येते त्या हीटिंगच्या जाळीतून हा संवाद रोज खाली माझ्या खोलीत यायचा. त्या आवाजानेच मी उठायचे.

गेल्या उन्हाळ्यात कुणाल आणि मी, दोघांनीही बंदुकीचा सेफ्टी कोर्स केला. लायसन्सही आलं. कुणालला हौस होती. मला… मला नक्की काय होतं ते सांगता येत नाही. काकांबरोबर त्यांच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून पहाटे कुठेतरी जायचं होतं, बहुतेक एवढंच. सप्टेंबरमध्ये ते आम्हाला रेंजवर घेऊन गेले. त्यांची रायफल तीनशे आठची, म्हणजे त्या मापाची गोळी लागणारी. मी झाडली आणि तिने खांद्याला असा दणका दिला की डोळ्यांत पाणीच आलं. काका दुर्बिणीतून निशाण पाहत म्हणाले, "अरे वा! मधात लागली, पोरी." मग माझ्याकडे पाहून, "अन् तुले बी लागली वाटते." खांदा आठवडाभर काळानिळा होता. काकूंनी हळद लावून दिली. मला तो डाग जायला नको होता.

ऑक्टोबरपासून जेवणाच्या टेबलावर वाद सुरू झाले, कोणती गोळी चांगली याचे. काकांनी मिसळणाच्या जुन्या डब्यात रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या होत्या, एकेका वाटीत एकेका मापाच्या. जेवण झालं की तो डबा टेबलावर यायचा आणि कुणालची खुर्ची पुढे सरकायची. "काका, ओपन प्रेअरी आहे, टू-सेव्हन्टी फ्लॅट जाते. लांबच्या शॉटला तीच बेस्ट." काका हसायचे. "अन् वारा? वारा काय तुह्या मामाचा हाये? तीनशे आठ म्हणजे आपली ज्वारीची भाकर. कुठंबी मिळते, पोट भरते, दगा देत नाही." कुणाल यूट्यूबवर पाहिलेलं सगळं काढायचा, काका त्याला खोडायचे, मग त्याचं एखादं म्हणणं मानायचेही, आणि ते मानताना त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी सिंकपाशी उभी असायचे. ती थाप मला भांड्यांच्या आवाजातूनही ऐकू यायची. एक दिवस काकांनी सगळ्यात बारकी पुंगळी उचलली. कुणाल म्हणाला, "टू-फॉर्टी-थ्री? सीरियसली, काका? दॅट्स टू लाइट." काका म्हणाले, "खांद्याचा विचार कर ना बाप्पा! नुसतं दूर कितीक जाते, ते काय पाहतो?" मला वाटलं, हरणाच्या खांद्याबद्दल चाललंय. गोळी खांद्याच्या मागे लागायला हवी, हे कोर्समध्ये मलाही शिकवलं होतं. मी बोलणार होते. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मुलगी म्हणून नसेल विचारलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तवा जरा जास्तच जोरात घासला.

त्याच सुमारास मला सर्दी-ताप झाला. मी दुपारी खाली पडून होते. काका जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबले. मुलीच्या खोलीत ते कधी सरळ येत नसत.

"झोपली काय, पोरी?"

"नाही, काका."

"मी तुह्यासाठी हलकी गोळी पाहून राहिलो. जडवाली तुले झेपणार नाही."

"नको, काका. मला गोळी नकोच. मी अशीच बरी आहे."

"एकडाव घेऊन तर पाहा."

"नाही, खरंच नको. मागच्या वेळी फार त्रास झाला मला."

ते म्हणाले, "बरं… जबरदस्ती नाही, बाई." आणि सावकाश वर गेले. तापाच्या गोळ्यांनी माझं पोट जळतं, लहानपणापासून. आई काढ्यावर भागवायची. थोड्या वेळाने काकूंनी आल्याचा चहा पाठवला आणि मला वाटलं, किती काळजी करतात ही माणसं.

नोव्हेंबरमध्ये काका कुणालला घेऊन गेले. पहाटे ट्रक सुरू झाल्याचा आवाज मी खाली पडून ऐकला. आधी दार लागल्याचा एक आवाज, मग दुसरा. तो दुसरा आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी ते हरिण घेऊन आले. कुणालच्या अंगावर काकांचं जुनं नारिंगी जाकीट होतं, बाह्या दुमडलेल्या. काकूंनी काळा मसाला घालून सुकं केलं, सगळ्यांनी बोटं चाटली, कुणालने फोटो घरी पाठवले. "प्रज्ञा, यू शुड हॅव कम!" असं तो म्हणाला, तेव्हा मी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून हाड सोलत होते. मला तेव्हा ते माझ्याशी दुष्टपणे वागले असंच वाटलं. मी त्या रात्री एकच घास खाल्ला आणि अभ्यास आहे म्हणून खाली गेले. नंतर दिवस सरळ गेले, पण माझं बोलणं थोडं कमी झालं. त्यांच्या ते लक्षात आलं असेल का, हे आता विचारता येत नाही.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉल भरला होता. डग आला होता, सूटमध्ये, सगळ्यांचं पाहून हात जोडत होता. त्रिशरण-पंचशील झाल्यावर काकूंनी विचारलं, तुम्हा मुलांपैकी कोण बोलणार? मी चार ओळी मनात जुळवत होते, तोवर कुणाल उभा राहिला. छान बोलला. अडखळला नाही. शेवटी म्हणाला, "काका म्हणायचे, जनावराला कळताच कामा नये की आपण मेलो… डॉक्टर म्हणाले, काकांनाही काही कळलं नसेल." लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. माझं वाक्य होतं ते. सिंकपाशी, ताटं पुसताना, मला सांगितलेलं. त्याला कधी सांगितलं त्यांनी? ट्रकमध्ये, दुसरं कधी!

मग मागच्या आठवड्यात काकूंनी बंदुकीचं कपाट उघडायला आम्हा दोघांना बोलावलं. रायफल डगच्या नावावर करायची ठरली होती. कुणाल डबे बाहेर काढत होता, तीनशे आठचे, सगळे अर्धे वापरलेले. तळाशी एक छोटा डबा निघाला, न फोडलेला. दोनशे त्रेचाळीस, ती सगळ्यात बारकी.

काकू म्हणाल्या, "हे कुठल्या बंदुकीचं? आपल्याकडे तर ही एकच."

कुणालने डबा हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यासाठी होती. डगच्या मुलीची जुनी रायफल आहे ना, ती काका आणणार होते. लो रिकॉइल, तुझ्या खांद्याला लागू नये म्हणून. महिनाभर आमचं तेच तर चाललं होतं."

"मला कुणी विचारलंच नाही!"

"विचारलं ना. जिन्यात. म्हणाले, पोरगी नको म्हणते, मागच्या वेळी फार त्रास झाला म्हणते. ते मग पुन्हा… आय मीन, त्यांना तुला फोर्स करायचं नव्हतं."

तापाची गोळी, मी म्हणाले. मला वाटलं, तापाची गोळी. काकू आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचं ते दुसरंच काहीतरी झालं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "नोव्हेंबर जवळ आला की त्या माणसाला औषधाची गोळी आठवायची तरी का कधी?"

कुणाल मात्र हसला नाही. म्हणाला, "खरं सांगू? मी सेकंड चॉइस होतो. जाता-येता सगळा रस्ता काकांचं तेच. प्रज्ञा असती तर तिला हे दाखवलं असतं, प्रज्ञाचा नेम तुझ्यापेक्षा चांगला आहे. आय वॉज सो फेड अप ऑफ यू."

मला आनंद झाला. दुखवट्याच्या घरात, उघड्या कपाटासमोर, लाज वाटावी इतका आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. कारण ते सगळं ऐकलं होतं कुणालने. काका माझ्याबद्दल जे जे म्हणाले, ते त्याच्या कानांत आहे, माझ्या नाही. माझ्या सीटवर बसून त्याने माझं कौतुक ऐकलं. मी त्याला कितीही विचारलं तरी तो ते अर्ध्या इंग्रजीत सांगणार. काकांच्या आवाजात, 'पोरी' म्हणून, ते मला कधीच मिळणार नाही. आईला फोनवर हे सांगायला गेले, तर तिने मधेच विचारलं, "कसली गोळी? पुन्हा ताप आला का तुला?" मी म्हटलं, हो, थोडा.

तो न फोडलेला डबा काकूंनी डगला द्यायला नकार दिला. कपाटातच आहे, कुलुपात. मी अजून खाली राहते. वर आता पावलांचा एकच आवाज असतो. काकूंची सवय गेलेली नाही. सकाळी चहा ठेवताना त्यांच्या तोंडून निघून जातं, "अहो, गोळी…" आणि मग पुढचे शब्द येत नाहीत. हीटिंगच्या जाळीतून फक्त भांड्याचा आवाज येतो. परवा मी अंथरुणातच होते. का कोण जाणे, तोंड जाळीकडे करून मी मोठ्याने विचारलं, "कुठली?"

वर सगळं थांबलं. गॅससुद्धा बंद केल्यासारखं वाटलं. मग जाळीतून काकूंचा आवाज आला, अगदी बारीक.

"हलकी."

कुणालला हे मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.