जबड्याची मेहनत

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या तालमीत वस्तादांना एकच उत्तर द्यायची रीत होती : ‘व्हय वस्ताद.’ ते रात्रीला दिवस म्हणाले तरी व्हय वस्ताद. मी दिवसभर हातमागावर लुगडी विणायचो आणि पहाटे तालमीच्या मातीत लोळायचो. मागावर मला कुत्रं विचारत नव्हतं. पैलवान म्हणून रस्त्यानं निघालो की मात्र पेठेतली माणसं बाजूला सरून वाट द्यायची. तेवढ्यासाठी मी वाटेल त्याला व्हय म्हणालो असतो, आणि म्हणालोही.

होटगीच्या जत्रेत समोरच्याचा पाय धरायला वाकलो आणि त्या रेड्याचा गुडघा माझ्या हनुवटीखाली बसला. कुस्ती बरोबरीत सुटली, पण डाव्या कानाखाली दुखायला लागलं ते लागलंच. घास चावला की कट्ट वाजायचं. जांभई दिली की डोळ्यांत पाणी यायचं.

वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ताकात कालवून गालावर थापली. पाय मुरगळो, ताप येवो, त्यांच्याकडं औषध एकच. परीक्षेत नापास झालेला पोरगा आणला असता तरी त्यांनी मातीच थापली असती. तालमीतली दुखापत घेऊन डॉक्टरकडं जाणं म्हणजे वस्तादांचा अपमान, त्यामुळं ती वाट बंद. मातीनं गुण येईना, तेव्हा वस्तादांनी डोकं चालवलं. ते त्यांनी एरवी फारसं चालवलेलं नव्हतं.

‘‘गुडगा दुखला तर काय करतूस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बैठका मारतो, वस्ताद.’’

‘‘मग जबड्याला मेहनत कोण देणार? माझा बा? उद्यापास्नं फुटाणे चावायचे. वर कडक भाकरी, कोरडीच.’’

‘‘व्हय वस्ताद.’’

आमच्याकडची कडक भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगावं? कौलाच्या जागी छपरावर घातली तर एखादा पावसाळा काढेल. रोज सकाळी मी तालमीच्या ओट्यावर बसून ती चावायचो आणि रिकामटेकडे बघायला जमायचे. ‘‘आवाज येतुया म्हंजी सांधा मोकळा व्हतुया,’’ समोरचा पानवाला सगळ्यांना समजावून सांगायचा. ह्याला पानाला चुना बेतानं लावता येत नव्हता, निम्म्या पेठेची तोंडं भाजली होती, आणि हा माझ्या सांध्याचा वैद्य. वस्तादांच्या तोंडात तर दात औषधालाही उरला नव्हता. ते स्वतः भाकरी दुधात भिजवून खायचे आणि मला म्हणायचे, ‘‘जोरात चाव की लेका.’’

घरी आई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानाखाली धरायची. ‘‘तुला न्हाय म्हणाय येतच न्हाय व्हय रं?’’ ती विचारायची. तिला काय सांगणार? संक्रांतीच्या गड्ड्याला, आमच्या सोलापूरच्या त्या मोठ्या जत्रेत, माझी कुस्ती ठरली होती. न्हाय म्हटलं असतं तर वस्तादांनी दुसऱ्याला उतरवलं असतं, आणि मी मागावरच म्हातारा झालो असतो.

गड्ड्याची कुस्ती मी मारली. त्यात रंगवून सांगण्यासारखं काही नाही, समोरचा गडी माझ्यापेक्षा मूर्ख होता एवढंच. तो चीत झाला आणि मी हात वर करून ओरडायला तोंड उघडलं. कट्ट वाजलं आणि उघडलेलं तोंड मिटेचना. हनुवटी खाली लोंबली, लाळ गळायला लागली. लोकांना वाटलं, गडी डरकाळी फोडतोय. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली, आणि ज्यानं त्यानं गुलाल उधळला, तो निम्मा माझ्या तोंडात. मी हातानं जबडा दाखवतोय, तर ते मला उलट सलाम करतायत. असल्या गाढवांनी वाट द्यावी म्हणून मी फुटाणे चावले होते. खाली वस्ताद छाती काढून सांगत होते, ‘‘बगा, जबडा कसा मोकळा झालाय.’’

शेवटी आईनंच मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडात अंगठे घालून जबडा बसवला, पट्टी बांधली आणि आधी काय उपचार केले ते विचारलं. ‘‘फुटाणे चावत हुता,’’ आई म्हणाली. बाई थट्टा करते असं वाटून त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. मग ते म्हणाले, सांधा खराब झालाय, दुखणं राहणार, कुस्ती आता विसरा. पट्टी होती म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच हंबरडा फोडला असता.

तालीम सुटली. पेठेत वाट द्यायचं माणसांनी लगेच बंद केलं, पानवाला तर धक्का मारून पुढं जायला लागला. मी मागावर लुगडी विणत राहिलो आणि वरण-भात गिळत राहिलो.

काही वर्षांनी वस्ताद अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी बघायला गेलो, खरं म्हणजे चार शब्द सुनवायला गेलो. काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. म्हाताऱ्यानं मला ओळखलं, जवळ बसवलं आणि हात लांब करून माझा जबडा चाचपला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या बोटांखालीच कट्ट वाजलं.

‘‘बसलाय की झकास,’’ ते म्हणाले. ‘‘फुटाण्यानं बसला. व्हय का न्हाय?’’

कानाखालून कळ पार डोक्यात गेली. हात त्यांनी काढला नव्हता.

‘‘व्हय वस्ताद,’’ मी म्हणालो.