एकसारखे बूट
आज माळ्यावरून बूट खाली काढले आणि रबराच्या त्या वासाबरोबर २०१७चा एप्रिल आठवला. तलासरीच्या शाळेत मी आणि माझी मैत्रीण, दोघी शिक्षिका होतो, आणि मेच्या सुट्टीत राजस्थानातलं सगळ्यात उंच शिखर, माउंट अबूचं गुरुशिखर, पायी चढायचं ठरवलं होतं. वापीला जाऊन एकसारखे बूट घेतले आणि दर रविवारी डहाणूच्या महालक्ष्मीच्या डोंगरावर सराव सुरू केला. हिरव्या करवंदांच्या जाळ्या, तापलेला कातळ आणि आम्ही दोघीच. मग एका रविवारी मैत्रिणीने शाळेत नव्याने आलेल्या बाईंना बरोबर आणलं. त्या माउंट अबूला आधी जाऊन आल्या होत्या, त्यामुळे गाडी कुठली, राहायचं कुठे, सगळं त्याच सांगू लागल्या आणि मैत्रीण नुसती मान डोलावत होती. अर्ध्या वाटेवर बाईंच्या सँडलचा पट्टा तुटला. मला वाटलं, चला, आता या इथेच बसतील. पण मैत्रिणीने आपले बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. "आणि तू गं?" मी विचारलं. "मी इथल्याच कैनाड गावची. देवीच्या डोंगरावर आम्ही अनवाणीच चढतो," ती म्हणाली आणि चालू लागली. तिथून वरपर्यंत माझ्यासारखेच बूट माझ्यापुढे परक्या पायांत चालत होते. मेमध्ये घरी पाहुणे येणार आहेत असं सांगून मी गेलेच नाही. मैत्रीण अजून दर उन्हाळ्यात फोन करते, "या वर्षी तरी येतेस ना गुरुशिखरला?" मी आधी विचारते, "कोण कोण?"