होकायंत्राखालची फळी

"दादा, होकायंत्र खोटा सांगता! तेच्यावर इस्वास ठेव नको!"

शेजाऱ्याच्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये उभा राहून मी वायरलेसवर हेच वाक्य पाचव्यांदा ओरडत होतो. माझा आवाज असा, की वायरलेस नसता तरी चाललं असतं. कुणकेश्वरच्या वाळूत झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बसली असतील. बाहेर धुकं इतकं दाट, की जेटीवरच्या माणसाला स्वतःचे पाय चाचपून बघावे लागत होते. त्या धुक्यात कुठेतरी माझा थोरला भाऊ, होडीचा तांडेल, दोन खलाशांना घेऊन बंदराकडे परतत होता. त्याचं जीपीएस आठवडाभर बंद होतं. पुढ्यात फक्त होकायंत्र. आणि त्या होकायंत्राच्या वीतभर खाली, मी आदल्या दुपारी बसवलेली फळी.

मी सुतार. पंधरवड्यापूर्वी जाळं सोडताना एका खलाशाचा पाय दोरात अडकला आणि ऐन वेळी सुरी सापडेना. ती बर्फाच्या पेटीमागे घरंगळली होती. पाय वाचला, अंगठ्याचं नख गेलं. दादा घरी येऊन एवढंच म्हणाला, की सुऱ्या हाताशी राहतील असं काहीतरी कर.

मग मी फणसाची हातभर लांब फळी घेतली. मोडीत निघालेल्या लाउडस्पीकरांतले चार लोहचुंबक फोडून काढले. फळीच्या पाठीमागून पटाशीने त्यांच्या मापाचे खळगे कोरले, इतके खोल की पुढच्या बाजूला लाकडाचा नुसता पापुद्रा उरला. चुंबक खळग्यांत चिकटवले, मागून पातळ पट्टी मारली, वरून उंडीचं तेल चोळलं. समोरून बघाल तर नुसतं लाकूड; पण सुरी जवळ नेलीत की हातातून ओढून घेणार, चटकन. लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून खाऱ्या हवेत गंज कमी. केबिनमध्ये सुकाणू धरणाऱ्याचा हात सहज पोचेल अशी एकच जागा होती. तिथे मी ती चार स्क्रूंनी आवळली आणि संध्याकाळी जेटीवर जाहीर केलं, की या फळीच्या ओढीने बंदरातले सगळे नांगर एक बोट सरकलेत. लोक हसले. मीही हसलो.

दादा पहाटे निघाला तेव्हा आकाश स्वच्छ होतं, डोंगर आणि दीपस्तंभ बघून तो बाहेर पडला. होकायंत्राकडे बघायचं कारणच नव्हतं. धुकं नंतर उतरलं.

मी तेव्हा माझ्या पटाशांसाठी दुसरी फळी करत होतो. बाकावर भंगारातल्या होडीचं एक जुनं होकायंत्र पडलेलं. मी फळी सरकवली तशी त्याची तबकडी गर्रकन फिरली आणि तिची उत्तर दिशा फळीकडे येऊन थांबली. मी फळी मागे घेतली. तबकडी परत गेली. पुन्हा पुढे केली, पुन्हा तेच. जेटीपर्यंत मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. एरवी मी त्याचंही काही रंगवून सांगितलं असतं.

तर मी ओरडत होतो, आणि पलीकडून खरखरीतून हसण्याचा आवाज आला. दादा म्हणाला, "मेल्या, आज काय? परत देवमासो?"

त्याचंही बरोबर होतं. गेल्या वर्षी याच वायरलेसवरून मी त्याला कळवलं होतं, की बंदराच्या तोंडाशी देवमासा आडवा झोपलाय, जेवून खाऊन सावकाश ये. तो बिचारा तासभर इंजिन चालू ठेवून बाहेर थांबला होता.

बंदराच्या दक्षिणेला पाण्याखाली खडप आहे, काळ्या खडकांची रांग. भरतीच्या वेळी ती दिसत नाही. होकायंत्र थोडं जरी चुकलं तरी होडी थेट तिथे. मला शपथ घ्यायची होती, पण माझ्या शपथा अख्ख्या गावाला पाठ होत्या. वहिनी धावत येऊन केबिनच्या दाराशी उभी राहिली होती. तिच्याकडे बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

"दादा, माझा चुकला. चुंबक होकायंत्राच्या खाली लावलंय. इंजिन बंद कर आणि नांगर टाक."

पलीकडे कुणी हसलं नाही. मग खरखरही थांबली.

त्यानंतर मी आणि वहिनी जेटीच्या टोकाला उभे राहिलो. किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण मी सांगितलेला वेळ कुणी धरत नाही. धुकं आधी माडांच्या शेंड्यांवरून निघालं, मग पाण्यावरून. खडपावर फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा दिसला. त्याच्या अगदी जवळ, समुद्राच्या बाजूला, दादाची होडी नांगरावर डुलत होती. वहिनी तिथेच खाली बसली.

होडी जेटीला लागल्यावर दादाने आधी मासळी उतरवली. मी स्क्रू काढून फळी होडीच्या मागच्या टोकाला नेऊन बसवली, सुऱ्या परत लावल्या. तो जाळं झाडत होता. मला राहवलं नाही. देवमाशानंतर माझं एकही बोलणं तू धरलं नाहीस, मग हे एक तुला खरं कसं वाटलं, असं मी विचारलं.

दादाने मान वर केली नाही.

"खरा नाय वाटला," तो म्हणाला. "पण नांगर टाकून रवल्यार डिझेल जळणा नाय."