आबांनी विमान पसंत केलं

आबा कुठलीबी वस्तू थाप मारल्याबिगर घ्यायचे न्हाईत. कुकर असू दे न्हाईतर कपाट, आदी पाठीवर एक सनसनीत थाप, मग दोन पावलं मागं सरून बघायचं, हल्लं का, बिचकलं का, आनि मगच मान हलवायची. टीव्ही घ्यायला वडूजला गेले तवा दुकानदारानं बातम्या लावून दावल्या, तर आबा म्हनले, "चित्र ऱ्हाऊ दे, आदी पाठ दाव," आनि मागनं अशी हानली की बातम्या देनारी बाई आडवीच झाली. आबा म्हंजी माज्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचाच. गावात त्यास्नी पारखी म्हनायचे, कारन बाजारात खोंड निवडावा तर त्यांनीच, लांबलांबची मानसं त्यास्नी जीपमदी बसवून न्यायची. बैल त्यास्नी कळायचा, ह्यात वाद न्हाई. वाईट एवढंच की जगात बैलाशिवाय दुसरंबी काय असतंय हे त्यास्नी कुनी सांगितलंच न्हवतं.

मलाबी त्यांनीच पसंत केली. माझं माहेर तासगावकडचं, नववीतनं शाळा सुटली, मग काही वर्षं बेदान्याच्या शेडवर बेदाना निवडत हुते. आबा बघायला आले नि चहा बाजूला ठिवून म्हनले, "चालून दाव पोरी, त्या दारापतुर जा नि माघारी ये." मी गेले, आले. आबांनी माज्या वडलांकडं बघितलं न्हाई, माज्या पायाकडं बघत बोलले, "पाऊल सरळ टाकती. आवाज न्हाई. वढाळ न्हाई. मोकळी सोडली तरी आपली आपन दावनीला यील." थाप तेवढी मारली न्हाई, मला वाटतंय आई मदी उभी हुती म्हनून.

मग पिंकी झाली, आनि मी जी भ्यायला लागले ती लागलेच. स्टोव्ह भडकंल, कुत्रं चावंल, बैल शिंग मारंल, पोरगी गुंडी गिळंल, आडात वाकून बघंल, अजून ती रांगतबी न्हवती तरी मी आडाला फळी टाकून घेतली. सासूबाई म्हनायच्या, "आगं, श्वास तर घे." पन श्वास घ्यायला सवड कुटं हुती, तेवढ्यात काय झालं तर?

तवाच मलकापूरला एका बड्या मानसाच्या पोराचं लगीन झालं आनि आबा तितं जेवायला गेले. लग्नात हेलिकॉप्टरनं फुलं टाकली. आबा घरी आले ते जेवनाचं काय बोलले न्हाईत, नवरीचं न्हाई, हुंड्याचं न्हाई, नुसतं वर आढ्याकडं बघत बसले. मग म्हनले, "पिंकीच्या वाढदिसाला फुलं वरनंच पडली पायजेत." दारात आलेला एक पाव्हना हसला, "आवं आबा, पोरीच्या वाढदिसाला एवढं?" तर आबा कडाडले, "पोरगी हाय म्हनून काय फुलं खालनं फेकायची व्हय रं?" हे ऐकून मला लय बरं वाटलं. तितंच माझं तोंड बंद झालं. पोरीसाठी एवढं म्हननाऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?

हेलिकॉप्टर काय आपल्या बापजन्मात यनार न्हाई हे त्यास्नीबी कळत हुतं. पन साताऱ्याला परेडीच्या मैदानावर कॅडेटच्या पोरांनी उडवलेलं बारकं विमान त्यांनी बघितलं. हातात डबा, डब्याला दोन काड्या, काडी हलवली की वर विमान वळतंय. आबांनी तितल्या मास्तरास्नी इचारलं, "मदी कासरा न्हाई?" "नाही." "येसन न्हाई?" "नाही हो." आबांचे डोळे असे चमकले की पोळ्याला पन चमकत न्हाईत.

पसंती करायला आमी समदे पुन्याला गेलो. आबा, माझे मालक, मी आनि कडेवर पिंकी, कारन आबांचं म्हननं, ज्याचं विमान त्येला दाखवलंच पायजे. दुकानदार चष्म्यातला बारीक मानूस, लय सबुरीनं बोलनारा. त्येनं एक पांढरं विमान काढलं, पंख डोक्यावर, पोट मोठं, बघायला गरीब. म्हनला, "पहिल्यांदा शिकणाऱ्यानं हेच घ्यायचं. हळू उडतं. घाबरलात आणि काडी सोडली, तरी आपलं आपण सरळ होतं. पडलं तरी दुरुस्त करता येतं." मी मालकांकडं बघितलं, मालक छताकडं बघाय लागले. ही समदी तारीफ मी तासगावला माज्या बापाच्या घरात उभी राहून ऐकली हुती.

दुकानदाराच्या मागं भिंतीला दुसरं टांगलं हुतं, लाल, पंख पोटाखाली, नाक टोकदार, लढाईचं असतंय तसं. "ते नको," दुकानदार म्हनला, "ते हात बसल्यावर. फार पळतं. एक चूक केली की थेट जमिनीत." आबा म्हनले, "मग आमी चूक करनार न्हाई." आनि पांढऱ्याच्या पंखावर थाप मारली.

फाट्. पंखावर कागदासारखं पातळ काय तरी तानून बसवलं हुतं, त्याच्यात आबांचा पंजा आरपार. दुकानदार आईगं म्हनून खाली बसला. आबा हात काढून घेत आमच्याकडं वळले, "बगितलं? एका थापंत फाटलं. ह्ये काय कामाचं?" मग लालकडं निघाले, तर दुकानदार दोनी हात पसरून भिंतीला चिकटला. थाप काय मारता आली न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा आबांनी वस्तू बिगरथापंची घेतली. दुकानदारानं मालकास्नी इंजिन कसं चालू करायचं ते दावलं, त्येच्या तेलात एरंडेल मिसळलेलं असतंय म्हनला, पंख्याला बोट लागलं तर बोट ऱ्हानार न्हाई म्हनला, शेपटीला काहीसुद्धा बांधायचं न्हाई म्हनला, आनि आदी कुना जानत्याबरूबर शिका म्हनला. बोटाचं ऐकल्यावर पुढचं मला अर्धमुर्धंच ऐकू आलं, मी पिंकीच्या दोनी मुठी धरून बसले ते गाव येईपतुर.

घरी आल्यावर म्हटलं, निदान शिकतील तरी. पन आबांचा नेम, नवं जनावर मुहूर्ताआदी जुंपायचं न्हाई. विमान देवघरात कपाळाला कुंकू लावून बसलं आनि वाढदिसापतुर तितनं हललं न्हाई. सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई तुमी सांगा की. त्या म्हनल्या, "मी थोरल्या दिराशी कवा बोललीया का? आनि ते इंजिन म्हनं एरंडेल पितंय. एरंडेल पिऊन काय कुनाच्या सांगन्यात ऱ्हानार हाय?" मालकास्नी म्हटलं, तर ते म्हनले, "आबास्नी कोन सांगनार?" म्हंजी घरातल्या समद्यास्नी कळत हुतं, सांगनार कुनीच न्हाई.

वाढदिसाला गावाभायेरच्या माळावर सगळं गाव. मधोमध पाट मांडला, पाटावर पिंकी, नवा फ्रॉक, डोळ्यात काजळ. विमानाच्या पोटाखाली झेंडूच्या पाकळ्यांचा द्रोन बांधला, म्हंजी विमान कललं की फुलं पोरीवर. आबांनी नारळ फोडला, आनि दृष्ट लागू नये म्हनून शेपटीला लिंबू-मिरची बांधली. मी मालकांच्या कानात म्हटलं, "आवं, शेपटीला काय बांधू नका म्हनला हुता त्यो." "गप, आबा ऐकतील." मालकांनी लाकडानं पंखा फिरवला आनि ते इंजिन असं किंचाळलं की पिंकीनं माज्याकडं हात पसरले.

मग मला ठावं न्हाई काय झालं. पदर डोक्यावरनं पडला, मी पळत जाऊन पोरगी उचलली. आबा वरडले, "ए! पोरगी ठिव खाली!" मी म्हटलं, "न्हाई ठिवनार." थोरल्या सासऱ्याशी मी त्याआदी कवा एक शब्द बोलले न्हवते. आबा म्हनले, "मग फुलं काय पाटावर टाकू?" आवाज माझा हाय का दुसऱ्या कुनाचा ते कळंना. म्हटलं, "टाका पाटावर. पाटाला कुठं आई हाय." मागनं बाया हसल्या. आबांचा चेहरा विमानावानी लाल झाला. "वढाळ निगाली," एवढंच म्हनले, आनि हातातल्या डब्याची काडी वढली.

विमान सुटलं ते नाक आभाळाकडं करून, शेपटीचं लिंबू लोंबतंय, उलटं झालं, सुलटं झालं, बाभळीपल्याड गेलं आनि तितनं वळून सरळ आमच्या अंगावर. आबांनी डावीकडं काडी वढली की ते उजवीकडं जायचं, कारन आता त्येचं तोंड आपल्याकडं हुतं. बैलामागं चालनाऱ्या मानसानं असलं कवा बघितलंच न्हवतं. आबा काडी सोडून दोनी हात वर करून वरडाय लागले, "हो! होऽ! थांब माज्या राजा!" मानसं आडवी झाली. मी पिंकीला पोटाखाली घिऊन पडले. मग एक आवाज आला, लाकूड फोडल्यावानी.

उठून बघितलं तर पाटाचे दोन तुकडे. मदी इंजिन रुतलेलं, धूर, एरंडेलाचा वास, आनि वर झेंडूच्या पाकळ्या. फुलं मात्र बरोब्बर पाटावर पडली हुती.

आबा पाटाजवळ गेले, खाली बसले. लिंबू तेवढं शाबूत हुतं, ते सोडून खिशात घातलं. घरी आल्यावर जेवले न्हाईत. दुसऱ्या दिशी मात्र पारावर आवाज परत पैल्यासारका, "पोरगी कुनामुळं वाचली? सुनंमुळं. आनि सून पसंत कुनी केलती रं?" "माझी चूक झाली" असं म्हननं त्यांच्या तोंडात बसतच न्हवतं.

पन एक झालं. पिंकीला कुठं न्यायची असली, मळ्यात, जत्रंत, नुसती दुकानापतुर का असंना, तर आबा आधी सैपाकघराच्या दाराशी येऊन उभे ऱ्हायचे, आत न बघता, भिंतीकडं तोंड करून म्हनायचे, "न्हेऊ का?" पुतन्याला, भावाला, सरपंचाला कवा इचारलं न्हाई त्या मानसानं. मी भ्यायलेली, मी बऱ्याच येळा न्हाई म्हनायचे. मग आबा भिंतीलाच म्हनायचे, "बरं," आनि काठी आपटत जायचे.

पिंकी शाळंत जायच्या आदीच आबांच्या पोटात दुखाय लागलं. सांगलीला न्यायचं ठरलं, जीप दारात आली. मालक पुढं, आबा मागं उशी घिऊन. पिंकीनं जीपचा दांडा धरून रडून गोंधळ घातला, मी बी यनार. आबा लय वाळले हुते, आवाज खोल गेलता. जीपमधनंच माज्याकडं बघितलं, ह्या खेपंला भिंतीकडं न्हाई. "न्हेऊ का?"

रस्ता खराब, जीपला दार न्हाई, घाटात ट्रक, सगळं माज्या डोळ्यापुढं येऊन गेलं. म्हटलं, "न्ह्या, आबा."

तिनीसांजंला मालक पोरीला घिऊन यष्टीनं माघारी आले. आबास्नी दवाखान्यात ठिवून घेतलं, ते माघारी आलेच न्हाईत, पुढं सांगलीतच गेले. पिंकी पायावर पानी घ्यायलाबी थांबली न्हाई, उंबऱ्यातनंच वरडली, "आई, आबांनी सांगितलंय, तुज्या आईला म्हनावं, वाटंत मांडीवरनं उतरू दिली न्हाई."