पापणीनं उचलायची नोट

लग्नात कुणाला कसं खूश करायचं, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. आचाऱ्याला टॉवेल-टोपी आणि नारळ. फोटोवाल्याला पाकीट, तेही खुर्चीवर बसवून. भटजींची दक्षिणा तर पानावर ठेवून, वर वाकून नमस्कार. आणि आम्ही हलगीवाले? आमचं बक्षीस मातीत! नोटेला मधोमध घडी घालायची, ती जमिनीवर उभी करायची आणि म्हणायचं, "उचल पापणीनं." हलगीवाल्यानं वाजवत वाजवत गुडघ्यावर बसायचं, डोकं जमिनीला टेकवायचं आणि नोट डोळ्याच्या पापण्यांत चिमटून उठायचं. हातानं उचलली तर म्हणे देणाऱ्याचा अपमान. वा रे अपमान!

माझा थोरला भाऊ यात वस्ताद. मला ते कधी जमलं नाही, एकदा डोळ्यात माती गेली आणि अख्खं वऱ्हाड हसलं. दादा उठायचा तेव्हा नोट पापणीत फडफडत असायची आणि हलगीचा एक ठोका चुकलेला नसायचा. मला त्या प्रकाराची चीड यायची. आणि खोटं कशाला बोलू, छातीही फुगायची.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा आधीच धुरकटलेला, त्याची पाळी नंतर यायची होती. म्हणजे जे काही दिसायचं ते उजव्यानंच. डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही.

आणि त्यातच कुरुंदा गावच्या मालकांच्या मुलाचं लग्न आलं. हळदीचे मोठे बागायतदार, वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या घरी आमचीच हलगी. आता वरातीला डीजे असतो, पण नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला की हलगी लागतेच. मी म्हणालो, "दादा, तू घरी थांब." तर म्हणतो कसा, "म्या नुसता हुभा राहतो. वाजव तू." काळा चष्मा लावून आला.

मारुतीसमोर मालकांनी नोट काढली, नवरदेवावरून ओवाळली आणि खाली उभी केली. मालक माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी मुलाचं लग्न, अंगात वारं शिरलेलं. "चष्मा काढ की रे," दादाला म्हणाले, "हिरो झाला का?"

मी वाजवणं थांबवलं. "मालक, डोळ्याचं आपरेशन झालंय त्याचं. हातात द्या."

"हातात? तुमच्या बापानं कधी हातात घेतली न्हाई!"

लोक शिट्ट्या मारायला लागले. मी गुडघे टेकले, म्हटलं होऊ दे आपलं हसं. तर दादानं मला खांद्याला धरून बाजूला केलं. "सरक. तुला जमत न्हाई." चष्मा माझ्या खिशात घातला, हलगी काढून घेतली आणि बसला. मी त्याची बंडी धरून ओढत होतो, पण वाजवणाऱ्याला तेव्हा कुणाचं भान नसतं. उठला तेव्हा नोट उजव्या पापणीत होती. गर्दी वेडी झाली. तो हसत होता आणि डोळ्यातून पाण्याची धार लागली होती.

घरी येईतो डोळा लालभडक. रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला नेलं. डॉक्टर चिडले, "काहून वाकला?" दादा म्हणाला, "लगीन व्हतं, साहेब." पुढं बरीच औषधं झाली, पण तो डोळा गेला तो गेलाच. मी दवाखान्याबाहेर बसून रडलो, आणि मालकांना, दादाला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

मालकांच्या कानावर गेलं, तसे ते घरी आले. बाजेवर बसले, वहिनीनं केलेला चहा प्यायले. मग खिशातून नोट काढून दादाच्या हातात द्यायला लागले. "घे बाबा. माह्यामुळं तकलीफ झाली तुला."

मला वाटलं, चला, शेवटी हातात तरी दिली. तर दादानं हात मागं घेतला.

"न्हाई मालक, आमी हातात घेत न्हाई. खाली ठेवा. डावी पापणी हाय अजून."

मालक आता लाजेनं मान खाली घालतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दादाकडं पाहिलं. मग नोटेला मधोमध घडी घातली आणि वाकून ती आमच्या घरातल्या भुईवर उभी केली.

मी उठलो आणि नोटेवर पाय ठेवला.

"आवं लक्ष्मी हाय ती! पाय काढा!" वहिनी ओरडली. दादा तोवर गुडघ्यावर बसला होता. चाचपत चाचपत तो खाली वाकला आणि त्याच्या कपाळाला माझा पाय लागला.

"पाय काढ," तो म्हणाला.

"न्हाई काढत."

तो दोन्ही हातांनी माझा घोटा धरून ओढत राहिला. मी पाय हलवला नाही.