पडलेल्या पापण्या

बेलापूरकडची ती सकाळ रिटायर होऊनही विसरलो नाही. मी तेव्हा श्रीरामपूर भागात सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्यात येऊन नुकती डायरी उघडली, तोच एका खासगी दवाखान्यातून फोन. "पेशंट आलाय. विषबाधा. बहुतेक फवारणीचं औषध." मागोमाग पेशंटचा धाकटा भाऊ धापा टाकत हजर. "सायेब, वहिनीनंच दादाला विष घातलं. काल लई भांडान झाल्तं."

दवाखान्यात गेलो. तिशीतला शेतकरी, शर्टाला औषधाचा भपकारा. जबाब घ्यायला वाकलो, तर नाकातून नुसतं "हूंऽ हूंऽ". डॉक्टर म्हणाले, "बेशुद्धीत चाललाय."

बायको बाहेर भिंतीला टेकलेली. मला बघताच हात जोडले. "सायेब, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा हो. ह्यांनी काय पिलं न्हाई."

"बघा, आता सुटायचा बहाना!" दीर ओरडला. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. महिला शिपाई सोबत घेऊन बाकावरच चौकशी सुरू केली.

"सकाळी काय दिलंस?"

"च्या. घोटबी गिळला न्हाई."

"शर्टाला वास कसा?"

"काल कांद्याला औषध मारलं अन् तसंच भुईवर आडवे झाले. म्या म्हनले, शर्ट काढा. त्यावरनंच तर भांडान."

"आणि उठल्यावर?"

"पोट दुखतंय म्हनले. मग पापन्याच उचलंनात. मला म्हनले, दिवा लाव. ऊन आल्तं घरात, सायेब!"

खोटं बोलणारा कामापुरतं सांगतो. ही नको तेही सांगत होती. आत जाऊन त्याच्या हातात बोट दिलं, म्हणालो, "ऐकू येत असेल तर दाब." त्यानं ते दाबलं. बेशुद्ध माणूस बोट दाबतो? म्हणजे तो सगळं ऐकत होता.

सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नकला करायची माझी जुनी खोड, ठाण्यात वरिष्ठांनाही सोडत नसे. पेशंटचं ते नाकातलं "हूंऽ हूंऽ" जसंच्या तसं काढून दाखवलं.

"सकाळी सकाळी चेष्टा सुचतेय, साहेब?" मग एकदम, "परत काढा बरं." परत काढला. "पापण्या पडल्यात? जमिनीवर झोपला होता? पोट दुखलं?" मी हो, हो म्हणत गेलो. "अहो, मण्यार साप चावला असेल! त्याच्या विषानं पापण्या, घसा सगळं लुळं पडतं. चावल्याची खूणसुद्धा दिसत नाही. श्वास बंद पडेल, आत्ता आणा!"

"निदान आता पोलीस करणार का?" पहिले डॉक्टर म्हणाले. पण अडवलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याचा श्वास तुटायला लागला. बायको छाती चोळत होती, "घ्या हो, श्वास घ्या." दीर भावाचे पाय धरून बसला होता. तो रस्ता एवढा लांब मला पुन्हा कधी लागला नाही. पोचताच श्वासाचं मशीन लावलं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं.

चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले.

'विषबाधा' हा शब्द खोटा नव्हता. फक्त विष कुणाचं, ते आम्ही शर्टाच्या वासावरून ठरवून बसलो होतो.

मी तिला म्हणालो, "ताई, चुकलो."

ती म्हणाली, "तवाच ऐकलं असतं तर ह्यांना मशिनीवर ठेवावं लागलं असतं का?"

पेशंटजवळचं माणूस 'दुसऱ्याला दाखवा' म्हणालं, तर त्याच्यावर संशय घेत बसायचं नाही, आधी गाडी काढायची. एवढं कायमचं शिकलो.